वाचकांचे प्रश्न : मुलांची खेळकथा

प्रश्न : नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी खो-खोवर छोटी कादंबरी लिहिते आहे. नायिका पुण्यातल्या एका शाळेच्या संघात आहे. घरातले, वर्गातले प्रसंग मुलींना आवडले. पण अंतिम सामन्याचं प्रकरण आलं की त्या पानं उलटून थेट निकाल बघतात. चूक कुठे होते आहे? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : बहुतेक वेळा अशा प्रकरणात सामना पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत सांगितलेला असतो. हिने खो दिला, ती उठली, हिने गडी बाद केला, हे चार पानं वाचलं की सगळ्या मुली सारख्याच दिसायला लागतात. लिहिण्याआधी गुणफलक मांडा. किशोरी गटात आक्रमणाची एक पाळी ७ मिनिटांची, दोन डावांत मिळून चार पाळ्या. समजा, आपल्या संघाने पहिल्या डावात ६ आणि दुसऱ्यात ८, असे १४ गुण घेतले. समोरच्यांचे पहिल्या डावात ७. म्हणजे शेवटच्या पाळीत त्यांना बरोबरीला ७ आणि जिंकायला ८ गडी हवेत.

संरक्षणाला मुली तिघींच्या तुकडीने उतरतात. पहिली तुकडी २ मिनिटं ४० सेकंद टिकली, दुसरी २ मिनिटं ५० सेकंद. सहा गडी गेले, साडेपाच मिनिटं झाली. उरले ९० सेकंद आणि मैदानात तिसरी तुकडी. एक गडी गेला की बरोबरी, दोन गेले की हार. आता नायिकेला या तिसऱ्या तुकडीत ठेवा. भरवशाच्या खेळाडू बहुधा पहिल्या तुकडीत उतरवतात; बाईंनी तिला शेवटी ठेवलंय यातच त्यांचं तिच्याविषयीचं मत आलं, ते वेगळ्या वाक्यात सांगायला नको. तुमचं प्रकरण या ९० सेकंदांचं. आधीच्या तीन पाळ्या आणि चौथीतली साडेपाच मिनिटं एका परिच्छेदात उरका.

नियमही इथे कथेचं काम करतात. तिसरा गडी बाद करणारीला नव्या तुकडीच्या मागे धावता येत नाही, तिने लगेच खो द्यायचा असतो. आत शिरणाऱ्या तुमच्या नायिकेला मिळते ती एवढीच उसंत. तेवढ्यात तिला काय दिसतं ते लिहा : कुठली आक्रमक दमली आहे, मैदानाच्या टोकाच्या खांबाजवळ कोण बसली आहे. संरक्षकाला बसलेल्यांच्या मधून हवं तसं जाता येतं. आक्रमकाला मधली पाटी, म्हणजे बाकीच्या जिच्यावर बसतात तो पट्टा, ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. म्हणून साखळी, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी, पळणारी मुलगी हुशार असेल तर तिला वेगवान असण्याची गरज नाही. भित्र्या, पण निरीक्षण करणाऱ्या मुलीला नायिका करायला खो-खोइतका चांगला खेळ नाही, असं आम्हांला मनापासून वाटतं.

आणखी एक. आक्रमणाच्या वेळी नायिका पाटीवर बसलेली असेल आणि कथा ‘मी’मधून असेल, तर तिला अर्धंच मैदान दिसतं. आठ जणी आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. पाठीमागे काय चाललंय ते तिला ऐकूच येईल : पावलं, धाप, बाहेरून ओरडणाऱ्या मैत्रिणी, आणि मग पाठीवर थाप आणि ‘खो’. त्याआधी उठली तर फाउल. हे न बघता वाट पाहणं नीट लिहिलंत तर एकही मुलगी पान उलटणार नाही.

प्रश्न : कबड्डीचे नियम ठाऊक नसलेल्या मुलांसाठी पुस्तकाच्या सुरुवातीला माहितीचं पान द्यावं का? (एक शिक्षक, हडपसर)

उत्तर : नको. ते पान मुलं वाचत नाहीत आणि वाचली तरी शेवटपर्यंत लक्षात ठेवत नाहीत. ज्या नियमावर शेवट उभा आहे, तेवढाच आधी एकदा सरावात घडवून दाखवा, आणि तिथे त्याची छोटी किंमत मोजायला लावा. उदाहरणार्थ, बोनस, म्हणजे चढाईतला जादा गुण. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो, आणि एक पाय बोनस रेषेपलीकडे पडताना मागचा पाय हवेत असावा लागतो. दुसऱ्या प्रकरणात नायकाचा मागचा पाय जमिनीला टेकलेला राहतो, सर गुण देत नाहीत, भाऊ चिडवतो. बस. नवव्या प्रकरणात पंच वाकून त्याच्या पायाकडे बघतात, तेव्हा वाचकाचाही श्वास अडकतो.

कबड्डीत सर्वाधिक होणारी चूक मात्र वेगळीच आहे : चढाईच्या मधोमध संवाद. चढाई करणारा ‘कबड्डी, कबड्डी’ सोडून काही बोलू शकत नाही, दम तुटला की तो बाद. समोरच्याला तो टोमणा मारू शकत नाही, आपल्या मित्राला हाक घालू शकत नाही. बोलायचं असेल ते पकड करणाऱ्यांना द्या. आणि चढाई ३० सेकंदांची असते; ती दीड पानापेक्षा लांबली की खेळणारी मुलं हसतात.

प्रश्न : माझ्या कथेतली मुलगी पंधरा दिवसांत मल्लखांब शिकून स्पर्धा जिंकते. हे पटेल का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : पटणार नाही. पंधरा दिवसांत ती खांबाला धरून वर चढायला शिकेल, अढी, म्हणजे खांबाभोवतीची पायांची पकड, बसायला लागेल, आणि मांडीच्या आतली, बगलेतली कातडी सोलवटेल. खांबाला एरंडेल लावलेलं असतं. त्याचा वास कपड्यांना राहतो आणि घरी आईला तो लगेच कळतो. दोरीचा मल्लखांब असेल तर दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात धरावी लागते, तिथे आधी लाल होतं, मग घट्टा पडतो. काळ वर्षभराचा करा. जून ते जून घेतलात तर शाळेचं वर्ष आपोआप सोबत येतं. पंधराच दिवस ठेवायचे असतील, तर शेवट स्पर्धेचा नको. तिची पहिली नीट अढी हाच शेवट पुरेसा मोठा आहे. मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर आणि दुसऱ्या बाजीरावाचा काळ यांवर आजोबांकडून भाषण मात्र देववू नका. दोन वाक्यं चालतील.

प्रश्न : नायक जिंकलाच पाहिजे का? पुस्तक किती मोठं असावं? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : जिंकणं बंधनकारक नाही, पण निकाल नायकाच्या स्वतःच्या निर्णयातून यायला हवा. प्रतिस्पर्ध्याचा पाय मुरगळला, पाऊस आला, पंचांची चूक झाली, असे निकाल मुलांना फसवणुकीसारखे वाटतात. लांबी १५ ते २० हजार शब्द, प्रकरण हजार-बाराशे शब्दांचं, झोपण्यापूर्वी एक संपावं इतपत. सामने तीनपेक्षा जास्त नकोत : एक हरलेला, एक अर्ध्यात सोडलेला, एक पूर्ण.

प्रश्न : मुलगा दिवसभर मैदानावर असतो, वाचत नाही. अप्पा बळवंत चौकात गेल्यावर पुस्तक कसं निवडावं? (एक पालक, वारजे)

उत्तर : मुखपृष्ठ राहू द्या, सामन्याचं पान उघडा आणि त्यालाच दोन परिच्छेद वाचू द्या. त्याला त्या खेळातलं खटकलं नाही, आणि पुढे काय झालं हे त्याने विचारलं, तर घ्या. तो खेळतो त्याच खेळाचं पुस्तक आधी.

प्रश्न : हस्तलिखित तयार आहे. प्रकाशकाकडे देण्याआधी कोणाकडून तपासून घ्यावं? (एक वाचक, धायरी)

उत्तर : तो खेळ खेळणाऱ्या दोन मुलांकडून आणि मुळीच न खेळणाऱ्या एका मुलाकडून. तिघांना पेन्सिल द्या. खेळणाऱ्यांनी ‘इथे शिट्टी वाजली असती’ असं वाटेल तिथे फुली मारायची. न खेळणाऱ्याने वाचणं थांबवावंसं वाटलं तिथे रेघ ओढायची. फुल्या आल्या तर नियम आणि गुणांची बेरीज तपासा. रेघा बहुधा सामन्याच्या पहिल्या पानावर येतात. तिथे सामना उशिरा सुरू करा.