हिशेबाची धडधड, काळोखातली चुळबुळ

प्रश्न : मी आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा खजिनदार आहे. ताळेबंदाचे आकडे मनात जुळवत असताना रक्तदाब मोजला, तर तो नेहमीपेक्षा जास्त भरतो आणि तळहात ओलसर होतात. उलट दिवे मालवून, दार लावून पडलो, तर निवांत वाटण्याऐवजी चुळबुळ वाढते. असे का व्हावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तोंडी हिशेब बसल्या जागी होत असला, तरी त्यासाठी अनुकंपी चेतासंस्था (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारे मज्जातंतूंचे जाळे) जागी होते, नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो आणि तळहातांच्या घर्मग्रंथी पाझरू लागतात. हेस आणि पोल्ट या संशोधकांनी १९६४ मध्ये तोंडी गुणाकार करणाऱ्यांच्या डोळ्यांची छायाचित्रे घेतली, तेव्हा गुणाकार जितका अवघड, तितकी बाहुली अधिक विस्फारलेली आढळली. त्यात कोणी पाहत असेल, तर विचारूच नका : जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठाच्या चाचणीत १०२२ मधून १३ वजा करत जायला लावतात, तेही निर्विकार परीक्षकांसमोर, आणि चुकल्यास पुन्हा पहिल्यापासून, त्याने रक्तातले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरकही वाढते. (सोसायटीची वार्षिक सभा याहून फार वेगळी नसावी.)

मात्र ही सगळी चिन्हे नेहमी जोडीने चढत-उतरत नाहीत. लेसी या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने दाखवले, की बाहेरच्या आवाजाकडे किंवा प्रकाशाकडे लक्ष लावले असता तळहातांचा घाम वाढतो, पण हृदयाची गती मंदावते.

आता काळोखाविषयी. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना दिवसाला २० डॉलर देऊन नुसते पडून राहायला सांगितले होते. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांवर पुठ्ठ्याच्या नळ्या, कानांवर यंत्राची एकसुरी घरघर. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ही मुले आधी भरपूर झोपली, नंतर मात्र अस्वस्थ झाली, त्यांना सलग विचार करता येईना, आणि कित्येकांना नसलेली दृश्ये दिसू लागली. तिथे काळोख नव्हता, धूसर उजेड होता, आणि तुमच्या खोलीतला एकसुरीपणा इतका टोकाचाही नाही. माझ्या मते तुमच्या मनात ताळेबंदच पुन्हा सुरू होत असावा. शिवाय बाहेरची गडबड थांबली, की एरवी जाणवत नसलेले ठोके ऐकू येतात आणि छाती धडधडते असे वाटते. त्या वेळी नाडी मोजून पाहा, ती बहुधा नेहमीचीच असेल.

रक्तदाब मोजण्याआधी वही मिटून, पाठ टेकवून पाच मिनिटे गप्प बसावे. नुसत्या बोलण्यानेही आकडा वाढतो. एवढे करूनही तो घरी सातत्याने १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत असेल, तर नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जावे.