मराठी माध्यमातून बी.ए. झालोय, फाडफाड इंग्रजी बोलता यावं म्हणून इंग्रजीत एम.ए. करायचंय. झेपेल का?

झेपेल. पण 'फाडफाड इंग्रजी बोलता यावं' हे जे कारण तुम्ही प्रश्नात दिलंय, तेवढ्यासाठीच करणार असाल तर दोन वर्षं घालवू नका. बोलण्याचा सराव वर्गात फारसा होतच नाही. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात धडा इंग्रजीत वाचायचा आणि समजवायचा मराठीत, असा खाक्या होता. झेडपीच्या शाळेतून आलेल्या आम्हा पोरांच्या ते पथ्यावरच पडलं म्हणा.

इथं व्याकरणापायी कुणी अडत नाही, अडतात ते वाचनापायी. चॉसर या जुन्या इंग्रज कवीची इंग्रजी सहाशे वर्षांपूर्वीची. टीपा नसतील तर ज्ञानेश्वरीसारखीच अडखळायला लावते. मग सगळे गाईड धरतात. पास व्हाल त्यावर, पण मूळ पुस्तक न वाचता लिहिलेला पेपर तपासणाऱ्याला दुसऱ्याच पानावर कळतो. त्यापेक्षा इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एम.ए. इंग्रजीचं साहित्य त्यांच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट आहे, ते उतरवून घ्या. बाजारातल्या बऱ्याच गाईडांपेक्षा सरस आहे.

समीक्षेच्या पेपरला ॲरिस्टॉटल येतोच. विंदा करंदीकर स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक, त्यांनी त्याचं काव्यशास्त्र मराठीत आणलंय. आधी ते वाचा, मग इंग्रजी उघडा. यात कमीपणा काही नाही.

भाषाविज्ञानात तर तुमचं पारडं जड आहे. क-वर्ग कंठ्य, त-वर्ग दंत्य, प-वर्ग ओष्ठ्य हे शाळेत घोकलंय ना? उच्चारस्थानांचं निम्मं प्रकरण तिथंच झालं. अडचण येते आघाताशी. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर पहिल्या सिलॅबलवर (शब्दाच्या उच्चारातल्या पहिल्या तुकड्यावर), 'फोटोग्राफर'ला दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'ला तिसऱ्यावर. आपण तिन्ही सपाट म्हणून मोकळे होतो. त्यात इंग्रजीत 'व' दोन. एकाला (v) वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्याला (w) नुसते ओठ गोल होतात. आरशासमोर उभं राहून करा, घरचे हसले तर हसू द्या.

आता पोटापाण्याचं. सीनियर कॉलेजला नुसत्या एम.ए.वर कायमची नोकरी नाही. नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा), सेट (राज्यपातळीवरची) किंवा पीएच.डी. लागते. नेट-सेटला एम.ए.त ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला ५०, म्हणून पहिल्या सेमिस्टरपासून टक्क्यांकडे लक्ष ठेवा. नेटला १५० प्रश्न, ३०० गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. शेवटच्या वर्षात असतानाच देता येते. सेट पुणे विद्यापीठ घेतं. पास झालात तरी बरीच वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर काढावी लागतात. सुट्टीतले पैसे मिळत नाहीत आणि दरवर्षी नव्यानं मुलाखत. मी ज्युनियर कॉलेजला शिकवतो, त्यासाठी एम.ए.वर बी.एड. केलं. घरची जबाबदारी अंगावर असेल तर मला तरी हाच रस्ता बरा वाटतो.