घशात फोड, घास उतरेना

प्रश्न : मुलगी चार वर्षांची, वजन १६ किलो. दोन दिवस ताप आहे. घशात मागे पाण्याचे बारीक फोड दिसतात, गिळताना रडते. मागच्या आजारपणातलं अँटिबायोटिक उरलंय, ते सुरू करू का?

उत्तर : नको. एकाएकी चढलेला ताप आणि पडजिभेच्या आसपास लाल कडेचे राखाडी-पांढरे फोड, हे बहुधा हर्पँजायना. तो कॉक्सॅकीच्या जातीच्या विषाणूंनी होतो, तिथे अँटिबायोटिकचं काही चालत नाही. फोड फुटले की जखमा जास्त झोंबतात, पण आठवडाभरात भरतात. तळहात-तळपायांवरही पुरळ आलं तर हँड-फूट-माउथ. काळजी तीच घ्यायची. हिरड्या सुजल्या असतील, फोड ओठांवर आणि जिभेच्या पुढच्या भागावर असतील तर मात्र हर्पीसची शंका. त्यावरच्या असायक्लोव्हिर या औषधाचा उपयोग पहिल्या तीन दिवसांत सुरू केलं तरच, म्हणून तेव्हा वाट पाहू नका.

दुखण्याला पॅरासिटामॉल. किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलीला एका वेळी जास्तीत जास्त २४० मिलिग्रॅम. सहा-सहा तासांनी, दिवसात फार तर चार वेळा. घोटाळा होतो तो बाटलीवरून. ५ मिलिलिटरमध्ये एका सिरपात १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०. पहिलं १० मिलिलिटर लागेल, दुसरं पावणेपाचच. घरातल्या चमच्यानं नको, पिचकारीनं मोजा. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही.

दोन दिवस जेवली नाही तरी बिघडत नाही. पाणी तुटता कामा नये. औषधानंतर अर्ध्या-पाऊण तासानं दुखणं उतरतं, तेवढ्यात थंड दूध, पाणी घोट-घोट पाजा. आंबट रस टाळा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या मोठ्यांसाठी ठीक. या वयात पाणी गिळलंच जातं. आठ तास लघवी नाही, लाळही गिळवेना, मान ताठरली किंवा श्वासाला त्रास झाला, तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : थायरॉइडसाठी कार्बिमाझोल घेतो. ताप आहे, घसा सोलवटलाय. तोंड आलं असेल का?

उत्तर : तसं धरून बसू नका. या गोळीनं क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात आणि पहिली खूण घशातच दिसते. पुढची गोळी थांबवा, आजच डॉक्टरांना गाठून रक्तातल्या पेशी मोजून घ्या.