जन्माचं झालं, पुढचं बघ

ठाणे

प्रिय,

तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. तरुण, वजनदार तारकागुच्छ हा विषय उत्तम निवडलास. फक्त आर १३६ हा असाच एक गुच्छ येऊरच्या पायथ्याहून दुर्बिणीतून दाखवा म्हणू नकोस. तो ठाण्यात दक्षिण क्षितिजावर जेमतेम दोन अंश चढतो, आणि तिथे मुलुंडचे टॉवर उभे आहेत.

जन्माबद्दल तू भरपूर लिहिलंस: दीर्घिकांच्या टकरीत वायू दाबला जातो, दाट मेघ कोसळतात, अँटेना या एकमेकींवर आदळणाऱ्या दोन दीर्घिकांत असे गुच्छ हजारोंनी सापडले. बरोबर आहे. पण १० कोटी वर्षांच्या आतले, १०,००० सूर्यांहून जड असे हे गुच्छ म्हातारे किती होतात? माझ्या मते खरा पेच तिथे आहे.

मेघातला सगळा वायू ताऱ्यांत उतरत नाही. मोठे तारे पेटले की त्यांचं प्रारण आणि वारे उरलेला वायू हाकलायला लागतात; अतिनवताऱ्याची, म्हणजे एखाद्या ताऱ्याच्या शेवटच्या स्फोटाची, वाटही बघत नाहीत. वायूबरोबर त्याचं गुरुत्व जातं. समतोलातला गुच्छ घे, निम्म्याहून जास्त वस्तुमान एका झटक्यात काढ आणि एकूण ऊर्जा मोज. ती शून्याहून जास्त येते, म्हणजे गुरुत्व ताऱ्यांना धरून ठेवू शकत नाही आणि गुच्छ विस्कटतो. तेच वस्तुमान सावकाश गेलं तर गुच्छ फुगतो, पण तग धरू शकतो. हे गणित आधी कागदावर कर. सिम्युलेशनची चित्रं देखणी असतात, म्हणून त्यांना कुणी उलट प्रश्न विचारत नाही.

वाचलेल्यांनाही स्वस्थता नाही. जड तारे मध्याकडे सरकतात, हलके कडेला जातात आणि कडेचे दीर्घिकेच्या ओढीने निसटतात.

तेजावर भुलू नकोस. आर १३६ च्या मध्याशी हजाराहून जास्त सूर्यांइतका जड एकच तारा आहे, असं काही जण मानत. १९८५ मध्ये स्पेकल इंटरफेरोमेट्रीने (क्षणभराची अनेक चित्रं घेऊन हवेच्या थरथरीतून बारीक तपशील काढायची पद्धत) तिथे ताऱ्यांचा घोळका दाखवला. तुझ्या गुच्छांच्या यादीतही असाच चकवा आहे. तेवढ्याच वस्तुमानाचा तरुण गुच्छ म्हाताऱ्यापेक्षा कितीतरी उजळ असतो. त्यामुळे म्हातारे कमी दिसले की 'मेले' असं लिहून मोकळी होऊ नकोस; काही नुसते मंद होऊन यादीतून गळलेले असतात.

तेव्हा प्रत्येक गुच्छाचं वय आणि वस्तुमान एका आलेखावर मांड. कोणत्या वयाला किती हलका गुच्छ सर्वेक्षणात दिसू शकतो, ती रेघही त्यावर ओढ. हा आलेख झाल्याशिवाय मार्गदर्शकांची वेळ मागू नकोस.

तुझा,
काका