मुलगी १८ वर्षांची झाली, आता अपिलाचा उपयोग काय?

ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोकरी करणाऱ्या आणि तिथे कायम वास्तव्याची परवानगी मिळालेल्या एक आई माझ्याकडे आल्या, तेव्हा मुलीचा व्हिसा नाकारल्याचे पत्र हाती पडून नऊ दिवस झाले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) अर्ज केला त्या दिवशी मुलगी १७ वर्षे १० महिन्यांची होती आणि निर्णय येईपर्यंत तिला १८ पूर्ण झाली होती. "ती आता सज्ञान झाली, म्हणजे सगळे संपलेच ना? की उद्याच नवा अर्ज भरू?" असे त्यांनी खुर्चीत नीट बसण्याआधीच विचारले.

व्हिसाचा कायदेशीर सल्ला देणे हे समुपदेशकाचे काम नव्हे, म्हणून मी त्यांना आधी सॉलिसिटरकडे पाठवले. त्यांच्या मनावरचे निम्मे ओझे तिथेच उतरले. अशा अर्जात मुलाचे वय अर्जाच्या दिवसाचे धरतात आणि निर्णय होईपर्यंत १८ वर्षे पूर्ण झाली एवढ्याच कारणावरून व्हिसा नाकारता येत नाही. घाईने नवा अर्ज भरला असता, तर मात्र मुलगी सज्ञान अर्जदार ठरली असती आणि निकष कितीतरी कठोर झाले असते. मुलगी ब्रिटनबाहेर असल्यामुळे निर्णय मिळाल्यापासून २८ दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करायचे होते. मानवी हक्कांच्या युरोपीय करारातील कलम ८, म्हणजे कौटुंबिक जीवनाचा हक्क, हा त्याचा आधार होता.

नकाराचे खरे कारण वेगळेच होते. घटस्फोटानंतर वडिलांनी मुलीशी संबंध ठेवला नव्हता आणि ती पाचव्या वर्षापासून मामाकडे वाढली होती. त्यामुळे तिची संपूर्ण जबाबदारी एकट्या आईवर होती हे सिद्ध होत नाही, असे पत्रात म्हटले होते. ते वाक्य त्यांनी मला तीनदा वाचून दाखवले आणि तिसऱ्यांदा त्यांना हुंदका आवरला नाही. "म्हणजे मी तिची आई नव्हतेच, असेच ना?" कायदा असे म्हणत नाही, हे त्यांच्या मनात उतरवायला मला दोन भेटी लागल्या. रोजचा सांभाळ कोण करतो यापेक्षा मुलाच्या आयुष्यातील महत्त्वाचे निर्णय कोण घेते, हे तिथे पाहिले जाते, आणि न्यायाधिकरणाने २००६ सालच्या एका निकालात ही कसोटी स्पष्ट केलेली आहे.

मग त्यांनी जुना फोन उघडला. मुलीच्या दातांना तारा बसवायच्या की नाही, अकरावीला कोणती शाखा घ्यायची, सहलीला पाठवायचे का, असे मामाचे कितीतरी संदेश त्यात होते आणि प्रत्येकाखाली रात्रपाळीतून पाठवलेले त्यांचे उत्तर होते.

कागद जमत गेले, पण मुलगी गप्प झाली. व्हिडिओ कॉलवर खूप वेळ खाली पाहत राहून ती म्हणाली, "मामाने काहीच केले नाही, असे लिहून द्यायचे का?" या प्रकरणातला सर्वांत नाजूक धागा हाच होता, असे मला वाटते, पालक पुरावे गोळा करण्यात इतके गुंततात की ज्यांनी मूल वाढवले त्यांचा अपमान होतो आहे का, हे विचारायचे राहून जाते. मी आईंना सुचवले की एकही गोष्ट लपवू नका आणि भावाशी स्वतः बोला.

त्या बोलल्या. मामांनी स्वतःच्या हाताने दोन पाने लिहून दिली: "जेवू घातले, तापात उशाशी बसलो, शाळेच्या सभांना गेलो. पण ताईला विचारल्याशिवाय तिच्या बाबतीत एकही निर्णय घेतला नाही."

अपील चोविसाव्या दिवशी दाखल झाले. कागदपत्रांवरच निकाल मागितला तर शुल्क ८० पौंड आणि प्रत्यक्ष सुनावणीसाठी १४० पौंड होते. आईंनी सुनावणी निवडली, कारण त्यांना स्वतः बोलायचे होते. ते दोन पानी पत्र मुलीने भाषांतराला देण्याआधी मला वाचून दाखवले, आणि 'उशाशी' या शब्दावर ती थांबली.