दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू आणि लेकीचं करिअर

नमस्कार भाऊसाहेब,

दिंडोरीहून आलेलं तुमचं पत्र मिळालं. लेक बारावीला आहे, गणित सोडलेलं, नीटचा क्लास चालू. आणि आता म्हणते, डॉक्टर व्हायचंच नाही, रोगांवर संशोधन करायचंय. ‘यात पोट भरतं का?’ हा तुमचा प्रश्न.

त्याआधी पत्रातल्या एका ओळीबद्दल. आजोबांचा दुसरा डेंग्यू पहिल्यापेक्षा जास्त बिघडला, तेव्हा पोरीने डॉक्टरांना गाठून विचारलं, एकदा होऊन गेलाय तर अंगात ताकद यायला हवी ना? तुम्ही हे तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मी ती ओळ दोनदा वाचली. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार. एकावर तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) दुसऱ्याला चिकटतात, पण निकामी करत नाहीत. उलट त्यांच्याच आधाराने विषाणू पेशीत शिरतो. डेंग्यूची लस इतकी वर्षं रखडली ती बरीचशी यामुळेच. पोरीने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

आता पोटाचं. पदवी आणि एमएस्सी मिळून पाच वर्षं खर्च तुमचा. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पक्की नोकरी मात्र तिशीच्या आसपास, तीही हमखास नाही. डावणी रोगाने द्राक्षबाग गेलेलं वर्ष तुम्हाला सांगायला नको. प्रयोगशाळेतही तशी वर्षं येतात. क्षयाचा जंतू वाढवायच्या प्लेटवर दिसायलाच तीन-चार आठवडे घेतो. मध्येच बुरशी धरली की प्लेट फेकायची, पुन्हा पहिल्यापासून. हे तिला सोसेल का, ते मार्कांवरून कळत नाही.

आयसर म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्र सरकारी संस्था, त्यांची प्रवेश परीक्षा तिने द्यावी. गणित नसलं तरी फॉर्म भरता येतो, पण ६० पैकी १५ प्रश्न गणिताचे असतात, तेवढं आत्तापासून बघायला सांगा. नाही जमलं तर नाशकातच मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी करू दे, काही बिघडत नाही. एमएस्सीला मात्र जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी जायचं. लाखांची फी घेणाऱ्या चकचकीत बायोटेक कोर्सच्या नादी लागू नका, आधी प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणावं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात दोन महिने पुण्याच्या एखाद्या लॅबमध्ये काम मिळवू दे. तिथून परत आली की पीएचडीचं काय ते ठरवा.

नीटचा फॉर्म भरलाच असेल तर पेपर देऊ दे. लग्नाचंही विचारलंत, पण ते लेकीलाच विचारा.