ऑपरेशननंतर त्रास वाढला, तर डॉक्टरकडून नुकसानभरपाई मिळते का?

नुसता त्रास वाढला म्हणून मिळत नाही. हलगर्जीपणा झाला आणि त्यामुळेच इजा झाली, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम खटल्यातली कसोटी पुढे भारतासह इतर देशांतही वापरली गेली: त्या शाखेतला साधारण कुशल डॉक्टर असं वागला असता का? सर्वांत नामांकित डॉक्टरने काय केलं असतं, हा प्रश्नच नसतो. खरं घोडं अडतं ते दुसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे इजा त्या हलगर्जीपणामुळेच झाली का यावर. समजा, पायाच्या आजाराचं निदान सहा आठवडे उशिरा झालं. हे उघड असलं, तरी ते वेळेवर होऊन पाय वाचला असता का, हे सांगायला त्याच विषयातला तज्ज्ञ लागतो, आणि डॉक्टर डॉक्टरविरुद्ध सहजासहजी बोलत नाहीत. पोटात गॉजचा बोळा राहिला असेल तर गोष्ट वेगळी. त्यातला खास धागा एक्स-रेत दिसतो, मग फार वाद उरत नाही. म्हणून वकिलाआधी पूर्ण केसपेपर मिळवा: भूल देतानाच्या नोंदी, नर्सचा चार्ट, संमतीपत्र. डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. मात्र दाव्याला मुदत असते, आणि ती इजा झाली तेव्हापासून मोजायची की कळली तेव्हापासून, हे देशोदेशी वेगळं आहे.